पारा उतरला, आम्ही निफाडला उतरलो

शुक्रवार

डोंबिवलीत जानेवारी म्हणजे पंखा तीनवरून एकवर. त्यापलीकडे आमची थंडी जात नाही. कपाटातला स्वेटर वर्षातून एकदा ऊन दाखवायला बाहेर येतो आणि परत डांबराच्या गोळ्यांत जाऊन बसतो. त्यामुळे आत्याचा फोन आला, "लई हिव पडलंय बघ यंदा, भोगीला इकडंच या," तेव्हा नवऱ्याला प्रश्न पडला, की हिव पडलंय म्हणून कुणी पाहुण्यांना बोलावतं का? आमची आत्या बोलावते. तिच्या मते तिच्या हातचं खाणं अंगी लागायचं तर आधी दात वाजायला हवेत.

आत्याचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. शाळेत निफाड हे नाव एकाच कारणासाठी पाठ केलं होतं: न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव, १८४२. हल्ली डिसेंबर लागला की निफाड बातम्यांत येतं ते पाऱ्यामुळं. २०१८च्या डिसेंबरात तर तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. नाशिक शहराचा जुना विक्रम याहून कडक, ७ जानेवारी १९४५ ला ०.६ अंश. हा आकडा मामा (आत्याचे यजमान) असा सांगतात, जसे काही त्या पहाटे स्वतः थर्मामीटर धरून उभे होते. त्यांचा जन्म त्यानंतरचा आहे.

पंचवटी एक्सप्रेसनं निघालो. कसारा घाट चढेपर्यंत डब्यात गप्पा, वडे, उघड्या खिडक्या. इगतपुरीला गाडी थांबली आणि कुणी न सांगता एकेक खिडकी खाली आली. नाशिक रोडला डबा निम्मा रिकामा झाला. निफाडला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि फलाटावर दिसत होती ती फक्त मफलरं. त्यातल्या एका मफलरानं "आलात का?" म्हटलं, तेव्हा तो दादा, आत्याचा मुलगा, आहे हे कळलं. त्याच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, मध्येच उसाचा काळा ठोकळा, आणि वारा कुठल्या फटीतून येतो ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

घरी पोचलो तर आत्या चुलीपुढं. गॅस आहे, शेगडी आहे, पण हिवाळ्यात तिचा संसार मागच्या पडवीत हलतो. "हात-पाय धुवा, शेंगोळे टाकते."

शेंगोळ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. हुलग्याचं (म्हणजे कुळथाचं) पीठ, त्यात मूठभर ज्वारीचं. लसूण, हिरवी मिरची, जिरं पाट्यावर वाटून त्यात घातलेलं, थोडा ओवा, मीठ. पीठ घट्ट मळायचं. मग हाताला तेल लावून दोन तळव्यांमध्ये करंगळीएवढी वळी करायची आणि तिची दोन टोकं जोडून कडं करायचं. आत्या बोलता बोलता कडी करत होती, परातीच्या काठानं रांग लावत होती. चुलीवरच्या पातेल्यात लसणाची फोडणी, आणि लसूण म्हणजे पाच-सहा पाकळ्या नव्हेत, दोन अख्खे गड्डे. त्यावर पाणी. "आदण खळखळलं पायजे," ती म्हणाली, "नाहीतर फुटत्यात." खळखळल्यावर एकेक कडं अलगद सोडलं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुऊन तेही शेवटी पातेल्यात. त्या पाण्यानंच रस्सा दाट होतो. वीसेक मिनिटं चुलीवर, मग ताटलीत शेंगोळे, वरून कच्च्या तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा.

पहिल्या घासाला जीभ पोळली, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं, तिसऱ्याला नवऱ्यानं स्वेटरची चेन उघडली. हुलगा उष्ण असतो असं सगळे म्हणतात. त्यामागचं शास्त्र मला सांगता येणार नाही, पण ती चेन मी पाहिली.

शनिवार

पहाटे चारला जाग आली ती धुरानं. वाटलं, आत्याची चूल. पण धूर समोरच्या बागेतून येत होता. गोधडी अंगावर तशीच घेऊन ओट्यावर आले तर बागेच्या ओळींतून ठिकठिकाणी लाल ठिपके, आणि त्यांच्यामधून बॅटरी घेऊन फिरणारा दादा.

थंडीत शेकोटी म्हणजे माणसांनी भोवती बसायचं, हुरडा-बिरडा खायचा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. इथं शेकोट्या द्राक्षांसाठी होत्या. छाटणीच्या काड्या, पालापाचोळा, थोडा ओला कचरा, म्हणजे ज्वाळा कमी आणि धूर जास्त. धूर मांडवाखाली पसरतो आणि मुळाशी बसलेला गारठा जरा उचलतो. जोडीला ठिबक सुरू. हवेपेक्षा विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, त्यानं मुळांना ऊब मिळते. विहिरीत डोकावले तर खरंच वाफा निघत होत्या.

दादाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावरची. म्हणजे घड आता तीन महिन्यांचे, मण्यांत पाणी उतरायच्या बेतात. याच वेळी पारा घसरला की मण्याची फुगवण थांबते, आधी तयार झालेले मणी तडकतात, साखर भरत नाही, वर भुरी या बुरशीची भीती. आणि आणखी एक दुखणं आहे, जे मला आजवर ठाऊक नव्हतं. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन, या फरकानं हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. त्याला इथं सगळे सरळ 'पिंक बेरी' म्हणतात. चवीत काही बिघडत नाही, पण परदेशी जाणाऱ्या पेटीत असा घड चालत नाही. उपाय म्हणजे घडाला कागद गुंडाळायचा. उजाडल्यावर पाहिलं तर अख्खा मांडव वर्तमानपत्रांनी लगडलेला. मी एका ओळीतून वाचत वाचत गेले: सोन्याचे भाव, पावसाळ्यातल्या गोदेच्या पुराची बातमी, वधू पाहिजे. घडामागं एक कागद, असे एकरात किती घड, हा हिशोब नवरा करत बसला आणि मध्येच सोडून दिला.

कागद लावणाऱ्या बाया सुरगाण्याकडच्या. बांधाला त्यांच्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या झोपड्या, सात की आठ. साडेसहाला तिथल्या तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या आणि एक पोरगं टोपडं घालून, उघड्या पायांनी, शेकोटीच्या राखेत उभं होतं. राख गरम असते. मीही चप्पल काढून उभी राहिले. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याची जागा घेतली होती, आणि घेतलीच होती.

नाश्त्याच्या वेळी मामांच्या फोनवर आकडा आला: कुंदेवाडी, सहा पूर्णांक काहीतरी. कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, निफाडचा पारा म्हणून जो सांगतात तो तिथला. उघड्या शेतात मोजलेली थंडी, तिला सिमेंटच्या भिंतींची ऊब नाही. मामांना त्या केंद्राचा अभिमान आहे. तिथल्या गव्हाच्या वाणांची नावं ते घरातल्या पोरांसारखी घेतात: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. त्यांच्या वाट्याला गहू, दादाच्या वाट्याला द्राक्ष. त्यामुळे आकडा वाचून एकाच ओट्यावर बाप म्हणतो, "झकास! फुटवे धरतील," आणि लेक चहा अर्धा ठेवून उठतो.

दुपारी उन्हाळ कांद्याची लागवड पाहिली. वाफ्यात पाणी सोडलेलं, त्या चिखलात ओणव्यानं रोपं खोचत बाया मागं मागं सरकतात. बारा वाजताही ते पाणी असं होतं की मी दहा रोपं लावून हात काखेत घातले. बांधावर जेवण: बाजरीची भाकरी, ठेचा आणि घोळाणा. कोवळी मेथी आणि कांद्याची पात कच्चीच बारीक चिरायची, मीठ, तिखट, दाण्याचा कूट, तेल, हातानं चुरायचं. चूल नको, भांडं नको. शेजारच्या वाफ्यातला हरभऱ्याचा कोवळा पालाही आत्यानं त्यात खुडून टाकला. हरभऱ्याच्या पानावर आंबट दहिवर असतं, ती आंब. आत्याच्या सासूबाई पहाटे हरभऱ्यावर पांढरं फडकं अंथरायच्या, उजाडलं की ते पिळून आंब बाटलीत भरायच्या. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर. आता फडकं अंथरायला वेळ कुणाला, असं म्हणून तिनं पानं चाटून दाखवली. मीही चाटली. आमटीत पडायला हवं होतं, इतकं छान आंबट.

रात्री शेतीची लाईट होती. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. त्या आठवड्यात रात्रीची पाळी. म्हणजे गव्हाला पाणी भरायचं ते अकरानंतर. उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो, त्यामुळे एकट्यानं जायचं नाही. दोघं जातात, एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खिशात फोनवर मोठ्यानं भजन. नवरा हौसेनं निघाला. दीडला परत आला तेव्हा पायात एकच गमबूट होता, दुसरा चिखलात राहिला होता, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आत्यानं काही न विचारता त्याच्यापुढं गूळ आणि सुंठ घातलेलं हुलग्याचं माडगं ठेवलं. ते तिनं आधीच करून ठेवलं होतं. दादासाठी ती ते रोजच करते.

रविवार

दादाला काढणीसाठी आणखी दहा माणसं हवी होती. मजूर आणणाऱ्या मुकादमाला भेटून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची होती. "चला, सुरगाणा बघून होईल," म्हणाला. पिंपळगावला मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड. सकाळी आठला अशा थंडीत मिसळीइतकं योग्य दुसरं काही नसतं, एवढं लिहून पुढं जाते, नाहीतर इथंच दोन पानं होतील.

वणीपाशी सप्तशृंगीचा डोंगर उजव्या हाताला येतो आणि तिथून पुढं मुलूख बदलतो. द्राक्षाचे मांडव संपतात, रान उतरंडीला लागतं, कौलं दिसायला लागतात. बोरगाव-घोडांबे भागात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या छोट्या पेट्या मांडून पोरं बसलेली. नागली (म्हणजे नाचणी) आणि भाताच्या या डोंगरउतारांवर आता थंडीचं पीक म्हणून स्ट्रॉबेरी येते. दोन पेट्या घेतल्या. एक पाड्यावर पोचेपर्यंत संपली.

पाडा वीसेक घरांचा. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीनं लिंपलेल्या, आणि दुपारी अकरालाही कमालीचा शांत. मुकादमाच्या अंगणात दोन म्हाताऱ्या, चार शाळेतली पोरं, एक शेळी. बाकीचा पाडा कुठं आहे, असं विचारायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं. बाकीचा पाडा कालच मला राखेत उभा दिसला होता.

ज्या घरात आम्ही बसलो, तिथल्या आजीची लेक दादाच्याच बागेत कागद लावत होती. आजीनं नागलीची भाकरी टाकली. उकळत्या पाण्यात पीठ घेऊन, चांगलं मळून, हातावरच थापून. नागलीला चिकटपणा कमी, त्यामुळे उकड नीट घेतली नाही तर कडा फाटतात. तिची एकही फाटली नाही. तव्यावर पडली तेव्हा विटकरी, शेकल्यावर चॉकलेटी, आणि निखाऱ्याला टेकवली तशी टम्म. सोबत उडदाची दाट आमटी, लसूण-मिरचीची, तेल जेमतेम. गरम असताना ही भाकरी लुसलुशीत असते. गार झाली की दातांची परीक्षा घेते, म्हणून आजी एकेक करूनच वाढत होती आणि आम्ही हळू खाल्लं की रागावत होती.

कुडाच्या फटीतून ऊन आत येत होतं, तिथूनच रात्री वाराही येत असणार. आजीला मी विचारलं, रात्री थंडी वाजत नाही का. ती म्हणाली, इथं चूल विझत नाही, तिथं प्लॅस्टिकखाली कशी आहे थंडी, ते सांग. दादा उचलीचे पैसे मोजत होता, तो मोजायचा थांबला. मग म्हणाला, "दोन ताडपत्र्या वाढवून देतो." हे तो आजीला म्हणाला की मला, ते समजलं नाही.

निघताना आजीनं फडक्यात बांधून नागलीचं पीठ दिलं, लेकीला द्यायला. तीन-चार किलो असेल. वाटेत पिकअपचा टायर बसला, स्टेपनीत हवा नव्हती, आणि वणी येईपर्यंत रात्र झाली. पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं जुन्या टायरच्या शेकोटीशी आम्ही तासभर उभे होतो. त्या धुराचा वास अजून शालीला आहे.

सोमवार, भोगी

उजाडताच ते पीठ घेऊन बांधावरच्या झोपडीत गेले. लेकीनं फडकं सोडलं, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळलं आणि म्हणाली, "आईनंच दळलंय." जात्यावरचं पीठ हाताला ओळखू येतं तिला. ताडपत्री अजून आली नव्हती. दुपारी आली. (मी दोनदा आठवण केली. पाहुणीनं करू नये ते केलं.)

सकाळी नांदूर मध्यमेश्वरला धावती चक्कर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. गाळ साठत गेला, पाणथळ झाली, पक्षी आले. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते हेच. चापडगावच्या मनोऱ्यावरून धुई विरळ होताना पाहिली: आधी फक्त आवाज, मग जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाकांची जोडी, आणि थापट्या बदकांचा थवा. ही बदकं हजारो किलोमीटर उडून इथं थंडी टाळायला येतात. नवरा म्हणाला, "यांना कुणीतरी डोंबिवलीचा पत्ता द्या."

परत आलो तर आत्याच्या अंगणात सुपं पसरलेली. भोगीच्या भाजीत जे शेतात आहे ते सगळं जातं: सोलाणे, पावटे, घेवड्याच्या शेंगा, वांगी, गाजर, ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे. बोरं भाजीत घालायची हे नवऱ्याला पटत नव्हतं. तिळाचा आणि दाण्याचा कूट, काळा मसाला, गुळाचा खडा. बाजरीची भाकरी थापून झाली की पाण्याचा हात फिरवून वर तीळ दाबायचे. तव्यावर तीळ तडतडतात, दोन-चार उडून चुलीत जातात. सोबत लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी. "न खाई भोगी तो सदा रोगी," असं म्हणत आत्या तिसरी भाकरी वाढते. नाही म्हणायची सोय या म्हणीनं ठेवलेली नाही. नवऱ्यानं भाजीतली बोरं वेचून बाजूला काढली होती. शेवटी तीही खाल्ली, बिया ताटाच्या कडेला ओळीनं मांडून.

मंगळवार, संक्रांत

येवल्यात उतरलो ते दोनच तासांसाठी. पैठणीचं गाव संक्रांतीचे तीन दिवस पतंगाचं होतं. प्रत्येक गच्चीवर माणसं, हलकडी वाजतेय, आणि हातात चकरीऐवजी आसारी, बांबूच्या कामट्यांची, दोन्ही हातांनी फिरवायची. एका अनोळखी गच्चीवर आम्हाला बोलावून तिळगूळ दिला, आसारी धरायला दिली, आणि मी गुंता केल्यावर तितक्याच प्रेमानं काढून घेतली. ऊन मस्त होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा कानटोपी पिशवीत गेली. संध्याकाळी नाशिक रोडहून गाडी. कल्याणला उतरलो तेव्हा अंगातल्या स्वेटरचं काय करावं ते सुचेना.

बुधवार, डोंबिवली

आत्यानं दिलेल्या हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करायला घेतले. लसणाचे दोन गड्डे सोलले, कडी सुंदर वळली, फोटो काढून तिला पाठवला. घाई झाली आणि पाणी नुसतं गरम असतानाच सोडली. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर एकही कडं नव्हतं. सगळं मिळून छानपैकी पिठलं झालं होतं.

आत्याला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आदण खळखळलं होतं का?"

गप्प राहिले. तेच पिठलं आम्ही भाताशी खाल्लं, पंखा दोनवर ठेवून.